टेप कुठं लावतात ते आधी बघा

प्रश्न विचारणारे सांगलीकडचे मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, वय २९. हातात दोन नोकऱ्या आहेत, एक दुबईची आणि एक इंग्लंडात बर्मिंगहॅमची. न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो, दोन्ही सोड आणि इकडं एमएसला ये. घरच्यांनी वर्णद्वेषाची धास्ती घेतली आहे. त्यांचेच शब्द देतो: ‘रंग सावळा, इंग्रजी पुस्तकी, आणि आडनाव सांगितलं की इथंसुद्धा लोक जरा थांबून बघतात. कुठल्या देशात त्रास कमी होईल?’

मी एका यंत्रसामग्री उभारणाऱ्या कंपनीत २६ वर्षं माणसं परदेशी पाठवायचं काम केलं. लागलो तेव्हा खात्याला पर्सोनेल म्हणायचे, पुढं पाटी बदलून एचआर झालं. स्वतः नऊ वर्षं शारजा-दुबईत, पाच इंग्लंडात, चार न्यू जर्सीत राहिलो. निवृत्त झाल्यापासून पुण्यात बाहेर जाणाऱ्या पोरांना निघण्याआधी दोन दिवस समोर बसवतो. हा प्रश्न प्रत्येक तुकडीत निघतो. ‘कुठं कमी’ याचं उत्तर मी देत नाही, कारण तुम्ही तिथं काय म्हणून उतरता यावर ते अवलंबून असतं. मी उलट दोन प्रश्न देतो. तिथले लोक माणसाला मापायला टेप कुठं लावतात? आणि त्या मापात तुमच्या खाली कोण येतं? पहिला प्रश्न सगळ्यांना पटतो. दुसरा विचारला की वर्गात चुळबूळ सुरू होते.

दुबईपासून सुरुवात करू. पण तिथलं माप आपल्याच विमानतळावर लागायला सुरुवात होते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानं दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) येतं, आणि आखातासह ठरावीक देशांत कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते. हेतू चांगला आहे, एजंटांनी गरिबाला बुडवू नये म्हणून. पण मुंबईच्या सहार विमानतळावरच्या रांगेत ‘तुम’ कुणाला म्हणायचं आणि ‘सर’ कुणाला, हेही त्या शिक्क्यावरून ठरायचं. जानेवारी २०१८ मध्ये तर सरकारनं ईसीआरवाल्यांसाठी नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट काढायचं जाहीर केलं होतं. आरडाओरडा झाला आणि महिना संपायच्या आत तो बेत गुंडाळला. तुम्ही इंजिनिअर, तुमच्या पासपोर्टवर हे येणार नाही. तरी सांगतो, कारण विमानात शेजारच्या सीटवर तो माणूस असेल, आणि उतरल्यावर तुम्ही दोघं एकाच गावचे निघालात तरी तिथला समाज तुम्हाला एकत्र बसू देणार नाही.

शारजात मी जो पगाराचा तक्ता सांभाळायचो, त्यात हुद्द्याच्या शेजारी राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. एकाच कामाचे, एकच सिक्स-जी टेस्ट पास झालेले वेल्डर. फिलिपिनो असला तर एक आकडा, भारतीय असला तर त्याच्याखाली, नेपाळी किंवा बांगलादेशी असला तर आणखी खाली. गोरा वेल्डर नव्हताच. गोरा असायचा तो इन्स्पेक्टर. तक्ता मी बनवला नव्हता, पण दर जानेवारीत त्यावर टक्केवारी लावून सहीला मीच न्यायचो. एकदा एक नेपाळी वेल्डर केबिनमध्ये आला. जोडाचा एक्स-रे काढतात त्याची फिल्म टेबलावर पडली होती, ती उजेडाकडं धरून म्हणाला, ‘साब, इसमें दिखता है क्या, नेपाली ने मारा?’ मी म्हटलं, मार्केट रेट आहे बाबा. तो गेला. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटलं नाही हे मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसंच भेदभाव करतात असं समजून तुम्ही जाऊ नये.

तक्त्याच्या वरच्या टोकालाही तेच. आमच्याकडचा एक प्लॅनिंग इंजिनिअर, मूळचा नागपूरचा, राजीनामा देऊन कॅनडाला गेला आणि काही वर्षांनी तिकडचा पासपोर्ट घेऊन परतला. टेबल तेच, काम तेच, पगार दुपटीच्या वर. त्याचा रंग किंवा बोलणं यातलं काही बदललं नव्हतं. म्हणजे आखातातलं माप नुसत्या कातडीचं नाही. पासपोर्ट कुठला आणि करारावर हुद्दा कुठला, या दोन गोष्टींवर घर, बायकोचा व्हिसा, पोरांची शाळा सगळं ठरतं. कुटुंब आणायचं तर अमिरातीत पगार निदान ४,००० दिरहम किंवा राहण्याची सोय आणि ३,००० असावा लागतो. त्याखालचा माणूस, घरी बायको आणि तीन पोरं असली तरी, तिथं ‘बॅचलर’. या बॅचलरांनी कुटुंबांच्या वस्तीत राहू नये म्हणून मोहिमा निघतात, भाड्याच्या पाट्यांवर ‘फॅमिली ओन्ली’ असतं. ते राहतात लेबर कॅम्पमध्ये. दुबईतल्या सगळ्यात मोठ्या कॅम्पांच्या वस्तीला लोक सोनापूर म्हणतात. उत्तरेकडच्या पोरांना तो शब्द सोन्याचं गाव असा ऐकू येतो. मुंबईच्या माणसाला सोनापूर म्हटल्यावर मसणवटा आठवतो.

बदल होत नाहीत असं नाही. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला अमिरातीत बंदी आहे आणि ती बरीच पाळली जाते. कतारनं २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या एनओसीची अट काढली आणि मार्च २०२१ पासून सगळ्या देशांच्या कामगारांना एकच किमान वेतन लावलं, महिना १,००० रियाल. आकडा तुटपुंजा आहे, पण त्यात राष्ट्रीयत्वाचा रकाना नाही, आणि ज्यानं तो रकाना सांभाळलाय त्याला त्याचं मोल कळतं.

आता इंग्लंड. इथं टेप जिभेला लावतात. हे आपल्याला कळायला जड जाऊ नये. पुण्यात ‘आनि’ आणि ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराकडं ज्या नजरेनं बघतात, ती नजर त्या देशात घराघरांत आहे. दुपारच्या जेवणाला लंच म्हणता की डिनर, रात्रीच्याला सपर की टी, एवढ्यावरून समोरचा तुमची गल्ली ओळखतो. लेस्टरला आमच्या साइटवर उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सलीचा एक फोरमन होता, खाणकामगाराचा मुलगा, वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठा. क्लायंटकडं लंडनला मीटिंग असली की हा गडी गप्प. प्रश्न त्याच्या कामाचा असला तरी मला ढोसायचा, तू बोल. परतीच्या गाडीत मी कारण विचारलं. म्हणाला, तू परका आहेस म्हणून ते तुला सांभाळून घेतात, मी तोंड उघडलं की त्यांना माझ्या बापाची नोकरी कळते. त्याचं बोलणं अतिशयोक्तीचं नव्हतं. तिथं खासगी शाळांत शिकलेले लोक जेमतेम सात टक्के, पण २०१९ च्या एका पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के त्या शाळांतून आलेले निघाले. ऋषी सुनक ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडं पेढे वाटले. माझ्या फोरमनला त्यांचा रंग दिसला नसता, विंचेस्टरची खासगी शाळा दिसली असती.

म्हणून कोणी असं म्हणू लागला की इंग्लंडात वर्णाचं काही नाही, सगळं वर्गाचं आहे, तर त्याला ब्रिस्टलची गोष्ट सांगावी. १९५० च्या दशकात तिथल्या बस कंपनीत कंडक्टर-ड्रायव्हरची टंचाई होती, तरी काळ्या आणि आशियाई माणसाला गाडीवर घेत नसत. गॅरेजात झाडलोटीला चालायचा. गंमत म्हणा की दुःख, यात कंपनीइतकीच कामगारांची युनियनही सामील होती. १९५५ मध्ये त्यांच्या स्थानिक शाखेनं तसा ठरावच केला होता. पगार मुळात कमी, घर चालायचं ओव्हरटाइमवर. आणखी माणसं आली तर ओव्हरटाइम जाईल ही भीती. १९६३ च्या एप्रिलअखेर पॉल स्टीव्हन्सन या तरुण कार्यकर्त्याच्या पुढाकारानं वेस्ट इंडियन लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनीनं माघार घेतली. त्याच दिवशी तिकडं वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. आणि बहिष्कार वेस्ट इंडियनांनी केला, पण गाडीवर चढलेला पहिला गोरा नसलेला कंडक्टर कोण? आपल्याकडचा एक शीख. हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं. १९६५ आणि १९६८ च्या वंशभेदविरोधी कायद्यांमागं असे लढे आहेत.

पुढं १९६८ मध्ये खासदार ईनक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्येच स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं, आणि लंडनच्या गोदीतले कामगार काम टाकून त्यांच्या बाजूनं मोर्चा घेऊन निघाले. पण नऊ वर्षांनी, १९७७ मध्ये, लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्यासारख्या आशियाई बायकांचा संप चालू होता, तेव्हा त्यांच्यासाठी क्रिकलवूडच्या पोस्टमननी कंपनीची टपाल उचलणं बंद केलं आणि गोदी कामगारांचा झेंडा त्या बायकांच्या मोर्चात होता. संप हरला. तरीही साड्या नेसलेल्या बायकांच्या मागं गोऱ्या कामगारांची रांग, हे चित्र त्या देशातल्या माणसाला विसरता येत नाही. मी लेस्टरात राहिलो त्याच गावच्या नगरपालिकेनं १९७२ मध्ये युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, तिथल्या इदी अमीन या हुकूमशहानं हाकललेल्या आशियाई लोकांनी कृपया आमच्याकडं येऊ नये म्हणून. आज तेच गाव दिवाळीच्या रोषणाईवर मिरवतं.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. २०१० च्या समानता कायद्यात नऊ गोष्टींवरून भेदभावाला बंदी आहे. वंश त्यात आहे, धर्म आहे. वर्ग नाही. बार्न्सलीच्या माणसाला बोलण्यावरून नाकारलं तर त्याला दाद मागायला जागा नाही. तुम्हाला आहे.

जर्मनीवर थोडक्यात आटोपतो, मी तिथं राहिलो नाही, फक्त वाऱ्या केल्या. २००० मध्ये तिथं संगणक तज्ज्ञांना ग्रीन कार्ड द्यायचं निघालं, तेव्हा एका बड्या पक्षाच्या नेत्यानं ‘भारतीयांऐवजी आपली मुलं’ अशा अर्थाची यमक जुळवलेली घोषणा प्रचारात फिरवली होती. आज आपल्या पोरांचं तिथं अडतं ते घर भाड्यानं घेताना. ईमेलखाली नाव बघितलं की उत्तर येत नाही.

तुमच्या मावसभावाची अमेरिका मात्र सावकाश बघायला हवी, कारण तिथं आपण स्वतःला फसवतो. १९२३ साल. भगतसिंग थिंद नावाचे एक शीख गृहस्थ, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले, नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या काळी कायद्यानं नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळायचं. थिंद यांच्या बाजूनं काय मांडलं गेलं, ऐका. आपण उच्च जातीचे आर्य, म्हणजे वंशानं गोऱ्यांचे भाऊबंद. आणि तुम्ही जसे काळ्या माणसाकडं बघता तसे आमच्यातले उच्च जातीचे लोक तिथल्या मूलनिवाशांकडं बघतात. कोर्टानं उत्तर दिलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य गोरा माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. दावा फेटाळला, आणि आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांची कागदपत्रं त्या निकालानं रद्द झाली. दार १९४६ मध्ये किलकिलं झालं, वर्षाला शंभर माणसांपुरतं, आणि खऱ्या अर्थानं उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं. तो कायदा आला तो काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीनं देशाला हलवलं म्हणून. आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांची पहिली फळी त्या दारातून आत गेली.

थिंद खटल्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कारण त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवलं. ज्यानं तो देश कधी पाहिला नाही त्याला नातं कुठं जोडायचं ते कळलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव उचललं तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. मी न्यू जर्सीत गेलो तेव्हा मंडळाच्या गणपतीत यातलं काही ऐकलं नाही. ऐकलं ते हे: ‘त्या भागात घर बघू नका हं, शाळा चांगल्या नाहीत.’ मला वर्षभरानं उमगलं की ‘शाळा’ हा सभ्य शब्द आहे.

त्या सभ्य शब्दामागं यंत्रणा आहे. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे इथं कर्ज धोक्याचं. कर्ज नाही, मग घर नाही, घराची किंमत वाढत नाही. शाळांचा बराच पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो, मग शाळाही दुबळ्या. १९६८ मध्ये घराच्या व्यवहारात वंशभेद करायला कायद्यानं बंदी आली. म्हणून आजचा एजंट ‘इथं कसले लोक राहतात’ या तुमच्या प्रश्नाला उत्तर देणार नाही, द्यायला तो घाबरतो. तो शाळांच्या गुणांचा तक्ता पुढं करतो, आणि तुम्हाला हवं ते त्यातून कळतं. म्हणून म्हणतो, अमेरिकेत टेप पत्त्याला लागतो, आणि पत्ता रंगावरून ठरत आलेला आहे. चांगल्या पगाराचा भारतीय तिथं वरच्या पायरीवर सहज बसतो. मग एक दिवस कुणीतरी आठवण करून देतो. १९८७ मध्ये जर्सी सिटीत भारतीयांना लक्ष्य करणारी टोळी निघाली होती. आपल्या बायकांच्या टिकलीला ते ‘डॉट’ म्हणत, त्यावरूनच टोळीचं नाव. शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. २०१७ मध्ये कॅन्ससात ओलेथ इथं बारमध्ये बसलेल्या दोन भारतीय इंजिनिअरांना व्हिसाबद्दल विचारत एकानं गोळ्या घातल्या. एक गेला. अडवायला उठलेला गोरा गिऱ्हाईकही जखमी झाला. मारणाऱ्यानं त्यांचा पगार किंवा पत्ता विचारला नव्हता.

रोजच्या कामात असलं काही घडत नाही, घडतं ते बारीक. आणि तक्रार करावी म्हटलं की व्हिसा आठवतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की नवी मिळवायला साठ दिवस. घराचे हप्ते चालू असलेला माणूस साहेबाच्या चेष्टेवर हसून मोकळा होतो.

आता मी जिथला, त्या अलिबागकडची एक गोष्ट. आमच्याकडं बेने इस्राएल लोकांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, शनवार तेली म्हणायचे. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे. आडनावं पेणकर, रोहेकर, केहिमकर. बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. १९४८ नंतर ते हळूहळू इस्राएलला गेले. आता आपल्यातच आलो, असं समजून गेले. इंग्लंडात असताना मी एकदा शाळेतल्या मित्राच्या मावशीला भेटायला इस्राएलमधल्या डिमोनाला गेलो. मावशीनं मलिदा केला होता, आणि तासभर नुसतं गावचं विचारून घेतलं. मग बोलू लागली. सुरुवातीच्या वर्षांत दुकानात त्यांना काळी पोळी द्यायचे, तुम्ही काळे, तुम्हाला हीच बरी, असं म्हणत. १९५१ मध्ये लोकांनी धरणं धरलं, ‘आम्हाला परत पाठवा’ म्हणून, आणि काही खरंच भारतात परतले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयानं फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं तर आधी त्यांच्या आई, आजी, पणजीपर्यंत चौकशी करा. ज्या मावशीच्या लग्नाची तारीख ठरली होती, तिला पणजीचा दाखला मागितला. रेवदंड्याच्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? मोर्चे झाले, उपोषणं झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं सांगितलं की हे लोक सर्वार्थानं ज्यू आहेत. तिथं टेप वंशावळीला लागला होता.

मी हळहळलो. मावशी उठून चहा टाकायला गेली आणि तिथूनच म्हणाली, आपल्याकडं तरी काय वेगळं होतं रे? आमच्यात गोरे आणि काळे होते. ज्याच्या घराण्यात कधी बाहेरच्या बाईशी संबंध आला, तो काळा इस्राएल. त्याला मुलगी द्यायची नाही. शिवाय मुंबईतल्या बगदादी ज्यूंना आम्ही सगळेच कमअस्सल, त्यांना दफनभूमीतही आमच्यापासून वेगळी जागा हवी होती. ‘आम्हाला पणजीचं विचारलं तेव्हा आम्ही रडलो,’ ती म्हणाली, ‘आम्ही काळ्यांना विचारायचो तेव्हा त्यांचं काय होत असेल, ते तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.’

तुमच्या आडनावाच्या शंकेकडं येतो. खरं सांगायचं तर परदेशातल्या पहिल्या सहा महिन्यांत आडनावावरून त्रास झालाच तर तो बहुधा आपल्या माणसाकडून होईल, कारण इतरांना ते वाचता येत नाही. खोली भाड्यानं देताना ‘शाकाहारी कुटुंबाला प्राधान्य’, मग गाव कुठलं, मग तालुका कुठला, मग ‘म्हणजे तुम्ही नक्की कुणापैकी?’ कंपनीतला देशी मॅनेजर पाठीवर थाप मारून जानवं चाचपतो असं ऐकलं होतं, एकदा बघितलंही. मी स्वतः ज्या जातीत जन्मलो तिला हे प्रश्न सोयीचे जातात, म्हणून बरीच वर्षं मला ते गप्पांसारखेच वाटले.

यावर कायदा अर्धाच आहे. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये संसदेनं जात कायद्यात घालायचं ठरवलं, २०१८ मध्ये सरकारनं अंग काढलं. मात्र मधल्या काळात बिहारकडच्या एका आदिवासी घरकामगार बाईचा खटला उभा राहिला. भारतीय वंशाच्या कुटुंबानं तिला तासाला जेमतेम ११ पेन्सवर राबवलं होतं. तिथल्या अपील न्यायाधिकरणानं २०१४ मध्ये म्हटलं की जात काही प्रसंगी ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते, आणि पुढं ती बाई जिंकली. अमेरिकेत सिएटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला नाव घेऊन बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही तसं विधेयक मंजूर केलं होतं, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनं ते परत धाडलं. विरोध करायला पुढं कोण होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता कामाचं. मला कुणी विचारलं तर तुमच्या जागी मी बर्मिंगहॅम घेईन. पैसे दुबईत जास्त शिल्लक पडतील, पण तिथं बढतीला छत आहे आणि ते पासपोर्टचं आहे, मेहनतीनं फुटत नाही. कर्ज फेडायचं असेल तर दुबई घ्या, पण तीन वर्षं म्हणजे तीनच, तारीख घालून. तिकडं ऑफर लेटरमध्ये बेसिक आणि अलाउन्स वेगळे लिहून घ्या आणि बेसिक वाढवून मागा. ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची. भारतीयांच्या ऑफरमध्ये बेसिक मुद्दाम बारीक ठेवतात, मीच ठेवायचो. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात देऊ नका, मालकानं तो ठेवून घेणं तिथंही बेकायदा आहे.

बर्मिंगहॅमला गेलात तर वही ठेवा. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. ‘मला वाईट वागवलं’ हे वाक्य कुठंच टिकत नाही. ‘मंगळवारी कँटीनमध्ये अमुक म्हणाला आणि तमुक तिथं बसला होता’ हे टिकतं. न्यायाधिकरणात जायची मुदत महिन्यांत मोजतात आणि ती फार आखूड असते. गेल्या गेल्या ती तपासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. युनियनचं सभासद व्हा, पहिल्याच महिन्यात. आपली इंजिनिअर मंडळी युनियन म्हटलं की नाक मुरडतात, आणि मग प्रसंग आला की एकटी पडतात. सावळ्या रंगावर कोणी टोमणा मारलाच तर तिथल्या तिथं शांतपणे ‘म्हणजे काय?’ एवढंच विचारा. इंग्रज माणसाला आपलाच विनोद उलगडून सांगण्याइतकं अवघड काही नसतं.

इंग्रजी पुस्तकी आहे ते राहू द्या. साहेबी सूर लावायच्या भानगडीत पडू नका, तो कुणाला जमत नाही. साइटवर मात्र फोरमन काय बोलतो ते कान देऊन शिका. पहिले दोन महिने काही कळणार नाही. मला बार्न्सलीच्या गड्याचं ‘नौट’ म्हणजे ‘काही नाही’, हे कळायला तीन आठवडे लागले होते, आणि तोवर मी दर वेळी ते ‘नाइट’ समजून त्याला गुड नाइट म्हणत होतो, तेही सकाळी आठ वाजता.